पाण्यातली वाट

शनिवारी दुपारी चारच्या सुमारास नागाव किंवा काशिदच्या पुळणीवर उभे राहावे. ओहोटी लागलेली असते. ओल्या वाळूवरून एक ट्रॅक्टर मागे मागे सरकत पाण्यात शिरतो आणि त्याला जोडलेल्या गाड्यावरची जेट स्की चार पोरे ओरडत, हसत पाण्यात लोटतात. तिथूनच दहा पावलांवर पुण्याहून आलेली एखादी आजी साडी वर खोचून घोटाभर पाण्यात उभी असते. नातू वाळूचा किल्ला करीत असतो, त्याचा बाप कमरेएवढ्या पाण्यात लाटांना पाठ देऊन उभा असतो आणि मागून घोडागाडी येत असते. तेवढ्यात ती जेट स्की गुरगुरते आणि या सगळ्यांच्या मधून निघते. कुणी बाजूला होतो, कुणी होत नाही. बहुतेक वेळा काही घडत नाही, आणि काही घडत नाही म्हणूनच हे सारे असेच चालले आहे.

समुद्राचे भय म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे खोल पाणी येते. होड्यांचे अपघात मात्र पुष्कळदा काठाजवळच होतात. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीला स्कूबा डायव्हिंगहून परतणारी बोट उलटली आणि दोन पर्यटक दगावले. २०२४ च्या नाताळात गोव्यात कळंगुटला पर्यटकांची बोट उलटून एकाचा मृत्यू झाला, वीस जणांना वाचवण्यात आले. ही बोटही काही भर दर्यात गेलेली नव्हती. लाट फुटते ती उथळ पाण्यात. तिथे होडी लाटेला आडवी झाली की उलटायला एक लाट पुरते. आपल्या कोळ्यांना आणि गाबितांना हे सांगावे लागत नाही. होडी लोटताना तिची नाळ लाटेकडे ठेवायची, तीन-चार मोठ्या लाटा जाऊ द्यायच्या आणि मधल्या शांततेत वल्ही मारायची, हे तिथले पोर चड्डी सांभाळता येण्याआधी शिकते. होडी पाण्यात लोटणे आणि परत वाळूला लावणे हीच या धंद्यातली खरी विद्या. बाकी सगळे त्यानंतरचे.

जेट स्कीची गोष्ट आणखी वेगळी आहे आणि ती तिच्यावर बसणाऱ्याला सहसा कुणी सांगत नाही. तिला बाहेर पंखा नसतो, मागे सुकाणूही नसते. ती पोटाखालून पाणी ओढते आणि मागच्या नळीतून जोराने फेकते. हँडल वळवले की ती नळी वळते, म्हणून गाडी वळते. आता नवखा माणूस समोर कुणी दिसल्यावर काय करतो? स्कूटरच्या सवयीने तो आधी वेग सोडतो. वेग सोडला की पाण्याचा झोत थांबतो, आणि झोत थांबला की हँडल कितीही फिरवा, तीन-साडेतीनशे किलोचे ते धूड नाकासमोरच जात राहते. काही नव्या यंत्रांत यावर उपाय केलेले असतात आणि पाण्यातला ब्रेकही असतो, पण आपल्या किनाऱ्यांवर जुनी यंत्रेही पुष्कळ फिरतात. ताशी पन्नास किलोमीटरच्या वेगात शंभर मीटर कापायला सात सेकंदही पुरे होतात. पाण्यात उभ्या असलेल्या बापाला मागे वळून पाहायलाही तेवढाच वेळ मिळतो.

त्यातही मेख अशी, की फार उथळ पाण्यात ही गाडी सुरू करता येत नाही. पोटाखालच्या पंपात वाळू आणि शिंपले जातात आणि यंत्र खराब होते. तिला साधारण कमरेएवढे पाणी लागते. पोहता न येणारा पर्यटकही कमरेएवढ्या पाण्यापर्यंतच जातो. म्हणजे एकाला सुरक्षित वाटणारी आणि दुसऱ्याला सोयीची अशी पाण्याची पट्टी एकच. तिच्यासाठीच हे दोघे रोज समोरासमोर येतात, आणि तिथे ना रेघ आहे, ना पाटी.

दक्षिणेकडे मालवण-तारकर्लीच्या बाजूला या पट्टीला आणखी एक जुना हक्कदार आहे. रापण लावतात तेव्हा होडीतून जाळे अर्धवर्तुळात सोडतात आणि त्याचे दोन्ही दोर पुळणीवरून तीस-चाळीस माणसे ओढतात. जाळे पाण्याखाली असते, दोरही दिसत नाहीत. त्यावरून यंत्राची बोट गेली तर जाळे फाटते आणि सगळ्यांचा वाटा बुडतो. आपली पुळण म्हणजे रिकामी जागा असा पर्यटन खात्यांचा आणि आपणा शहरवासीयांचा समज आहे. ती रिकामी कधीच नव्हती.

म्हणून हे खेळ बंदच करा, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. ही यंत्रे चालवणारी मुले बहुधा त्याच गावातली असतात. चार महिने मुंबईत वॉचमन होण्याऐवजी ती घरी राहून कमावतात, हे कोकणासाठी लहान काम नाही. शिवाय हेच यंत्र जीवही वाचवते. गोव्यात २००८ पासून सरकारने किनाऱ्यांवर नेमलेल्या जीवरक्षकांच्या सेवेत जेट स्की असते, कारण बुडणाऱ्यापाशी तिच्याइतके चटकन पोचणारे दुसरे साधन मिळणे कठीण. दोष यंत्राचा नाही. त्याला पाण्यात उतरायला वाट नाही, हा दोष आहे.

फ्रान्समध्ये किनाऱ्यापासून ३०० मीटरपर्यंतच्या पाण्यात ताशी ५ सागरी मैलांपेक्षा, म्हणजे सुमारे नऊ किलोमीटरपेक्षा, जास्त वेगाने कुणी जायचे नाही असा नियम आहे. स्नानाच्या किनाऱ्यांवर पिवळे बोये टाकून यंत्रांना जाण्यायेण्याची अरुंद गल्ली आखलेली असते. पोहणाऱ्याने त्या गल्लीत जायचे नाही आणि यंत्राने गल्लीबाहेर उतरायचे नाही. ब्रिटनने २०२३ मध्ये जेट स्कीला जहाजांच्या कायद्याखाली आणले आणि बेफाम चालवणाऱ्याला दोन वर्षांपर्यंतच्या तुरुंगवासाची तरतूद केली. तुरुंगाचे आपण नंतर पाहू. बोये मात्र आपल्यालाही परवडतात. एका चांगल्या जेट स्कीला दहा लाखांच्या पुढे मोजणाऱ्या धंद्याला दहा-बारा बोये, दोर आणि नांगर जड होऊ नयेत.

अडचण वेगळीच आहे. परवाना मेरिटाइम बोर्डाने द्यायचा, पुळणीवरची वर्दळ ग्रामपंचायतीने किंवा नगरपालिकेने सांभाळायची, भांडण झाले तर पोलिसांनी यायचे. पण पाण्यातल्या त्या शंभर मीटरांवर रोज सकाळी उभे राहून 'आज उतरायचे इथून' असे सांगणारा माणूस कुणाचाच नाही. आणि ते रोजच सांगावे लागते. अलिबागला भरतीला कुलाबा किल्ल्यात होडीने जावे लागते, तिथेच ओहोटीला घोडागाडी जाते. सकाळची खोल जागा दुपारी कोरडी पडते, गल्लीही तिच्याबरोबर सरकवावी लागते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा हिशेब त्या किनाऱ्यावर लहान पोरांनाही येतो: अष्टमीला सहाच्या सुमारास, अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या. असा हिशेब तोंडपाठ असलेला एखादा जुना तांडेल गावोगाव सापडेल. परवान्याच्या शुल्कातून त्याला मानधन द्यावे, हातात शिट्टी आणि लाल बावटा द्यावा. बोर्डाने पाठवलेल्या परिपत्रकापेक्षा या माणसाचे पोरे अधिक ऐकतील, कारण त्यांतली निम्मी त्याची पुतणी-भाचीच असायची.

आणि आपण जे मुलाबाळांना घेऊन जातो, त्यांचे काय? भाव करताना आपण शंभर-दोनशे रुपयांसाठी घासाघीस करतो, पण लाइफ जॅकेटचे बंद तुटलेले आहेत का, हे पाहत नाही. मोठ्यांचे जॅकेट आठ वर्षांच्या मुलाला घालतात. पाण्यात पडल्यावर ते त्याच्या डोक्यावरून निघून जाते. खांद्यापाशी धरून वर ओढून पाहावे, हनुवटीवर आले तर ते त्याचे नव्हे. चालकाच्या मनगटाला किंवा जॅकेटला लाल दोरी अडकवली आहे का, तेही पाहावे. तो पडला की ती सुटते आणि यंत्र थांबते. ती नुसती हँडलला गुंडाळून ठेवलेली दिसली तर त्या गाडीवर बसू नये. बनाना बोटवाला हसत 'पाडू का?' असे विचारतो तेव्हा लाजून हो म्हणू नये. पोहता येत नसेल तर नाही म्हणण्यात कमीपणा नाही.

जूनमध्ये पाऊस धरला की हे खेळ बंद होतात, होड्या झापांखाली जातात आणि जेट स्की कुणाच्या तरी पडवीत ताडपत्रीखाली. दर्याला नारळ अर्पण होईपर्यंत मग किनाऱ्यावर कुणाला काम नसते. गल्ली कुठून काढायची, रापणीच्या जागा कोणत्या आणि पोहणाऱ्यांना किती पाणी सोडायचे, हे ग्रामसभेत बसून ठरवायला तेवढे दिवस पुरतात. बोर्डाचा एखादा अधिकारी त्या सभेला आला, तर हंगामाच्या पहिल्या दिवशी बोये पाण्यात असतील.