येडशीच्या वाघाची नोंद झाली, फुलपाखरांचं काय?

धाराशिव जिल्ह्यातल्या येडशी रामलिंग घाट अभयारण्यात डिसेंबर 2024 मध्ये ट्रॅप कॅमेऱ्यात वाघ दिसला. अंगावरचे पट्टे जुळवून पाहिले, तर तो थेट यवतमाळच्या टिपेश्वरचा निघाला. तिथे त्याची आधीची नोंद होती म्हणून हे कळलं.

उन्हाळ्यात बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांजवळ मचाणावर बसून प्राणी मोजले जातात. एकच रानडुक्कर दोनदा येऊ शकतं, त्यामुळे तो आकडा अंदाजच. आणि फुलपाखरं? ती दिवसा उडतात, या मोजणीत येतच नाहीत.

ती पाहायची तर सकाळच्या उन्हात, ओल्या मातीपाशी. तिथे ती सोंडेने क्षार शोषतात. अभयारण्यातच जायला हवं असं नाही. बांधावरच्या रुईवर प्लेन टायगरच्या अळ्या सापडतात, परसातल्या लिंबोणीवर लाइम बटरफ्लायच्या. दुष्काळी जिल्ह्यात मे महिन्यातही कुठे ओल टिकते, याचा माग अशा नोंदींतून लागू शकतो.

फोटो तर सगळेच काढतात. गोची अशी की व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवला की त्यातली ठिकाणाची माहिती निघून जाते, आणि स्टेटस 24 तासांत गायब. तोच फोटो आयनॅचरलिस्टवर तारीख-ठिकाणासह मोफत टाकता येतो. नाव माहीत नसलं तरी चालतं, ओळखायला इतर लोक मदत करतात.

मात्र वाघ, बिबट्या किंवा घुबडाचं घरटं दिसलं तर नेमकी जागा पोस्ट करू नका. वन विभागाच्या 1926 या हेल्पलाइनवर कळवा.