विश्लेषण : जव्हार-मोखाड्याच्या शाळांत रॉकेट ग्लायडर उडेल का?

डिसेंबर २०२१ मध्ये जव्हारहून झाप गावाला ड्रोनने करोना लशी पोहोचवण्यात आल्या. सुमारे ३०० लशी, वीसेक किलोमीटर अंतर आणि जेमतेम नऊ-दहा मिनिटे. रस्त्याने एरवी चाळीस मिनिटे तरी लागतात. पण तो ड्रोन बाहेरून आला होता. यंत्र हवेत तरंगते कसे आणि पडते का, हे या दोन तालुक्यांतल्या मुलांना स्वतःच्या हाताने करून पाहता येईल का? छंद म्हणून जगभर बनवला जाणारा रॉकेट ग्लायडरचा संच त्यासाठी उत्तम साधन आहे. मात्र त्यातला एक भाग वगळावा लागेल.

रॉकेट ग्लायडर म्हणजे काय?

बाल्सासारख्या हलक्या लाकडाचे पंख, लांबट दांडी, शेपूट आणि पुढे बोटाएवढी एक घन-इंधन मोटर. मोटर काही क्षण जळते, विमान सरळ वर जाते. नंतर ते पॅराशूटविना, घारीसारखे घिरट्या घालत खाली येते. वाचायला सोपे वाटणाऱ्या या खेळात एक पेच आहे. रॉकेटला सरळ जाण्यासाठी गुरुत्वमध्य बराच पुढे लागतो. ग्लायडरला मात्र तोल पंखांजवळ हवा आणि शेपटीने नाक किंचित वर धरायला हवे. ग्लायडरसाठी जुळवलेले विमान रॉकेटच्या वेगाने सोडले, तर पंखांची उचल वाढते आणि ते कोलांटी मारून जमिनीवर आपटते. म्हणून काही नमुन्यांत मोटर वरच सुटून पडते, काहींत मोटर विझल्यावर शेपटीची पट्टी हलते.

‘इस्रो’पुढेही मोठ्या प्रमाणावर हेच कोडे होते. २३ मे २०१६ रोजी श्रीहरिकोटाहून सोडलेले पंखधारी ‘आरएलव्ही-टीडी’ घन-इंधन रॉकेटवर बसून गेले, सुमारे ६५ किलोमीटर उंची गाठून तरंगत बंगालच्या उपसागराकडे उतरले. त्याचेच पुढचे रूप, ‘पुष्पक’, २०२४ मध्ये हेलिकॉप्टरमधून सोडल्यावर कर्नाटकातील चित्रदुर्गजवळच्या धावपट्टीवर स्वतःहून उतरले.

मग अडचण कसली?

मोटरची. छोट्या मोटरींमध्ये बहुधा बंदुकीची दारू असते आणि १८८४ च्या स्फोटके कायद्यातील व्याख्या तिच्या नावानेच सुरू होते. परवान्याविना ती तयार करणे गुन्हा आहे. हे परवाने पाहणाऱ्या केंद्रीय यंत्रणेचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. यूट्यूबवर पाहून साखर आणि खत मिसळण्याचा मोह होतो. शिक्षकांनी तो पहिल्याच तासाला मोडून काढावा. हाताने ठासलेली नळी फुटली तर बोटे जातात. शिवाय भातकापणीनंतर इथल्या माळांवर गवत वाळलेले असते, एक ठिणगी पुरे. आणि मोटर एकदाच जळते. तिसऱ्या उड्डाणाला पैसे संपले, तर संच कपाटात जातो. शाळांच्या कपाटांत असे संच कमी नाहीत.

रबराने काम भागेल का?

भागेल, आणि शिकण्याच्या दृष्टीने फारसे काही हरवणारही नाही. बेचकी या भागातल्या मुलांना कोणी शिकवावी लागत नाही. काठीला बांधलेले लांब रबर, ग्लायडरच्या नाकाखाली छोटा आकडा, एवढ्यावर विमान चांगले वर चढते.

आधी मात्र तोल जुळवायचा. खांद्याच्या उंचीवरून, नाक जरासे खाली ठेवून, विमान हलकेच ढकलायचे. नाक वर उचलून ते थबकले आणि धपकन पडले, तर नाकाला वाटाण्याएवढी माती लावायची. सरळ जमिनीत घुसले, तर माती काढायची किंवा शेपटीची मागची कड केसभर वर वळवायची. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदल वहीत. हा भाग कंटाळवाणा आहे, पण विज्ञानही इथेच आहे. शिक्षकाने घाईने स्वतः जुळवून दिले, तर मुलांच्या हाती नुसते खेळणे राहते.

मग रबर ताणायचे. इथे तोच जुना पेच पुन्हा भेटतो: वेग वाढला की कोलांटी. उपाय मोटरविना आहे. विमान सोडताना पंख एका बाजूला चांगले कलते धरायचे. वर वळण्याची ओढ मग आडवी पडते, विमान गोल जिन्यासारखे चढते आणि वर वेग संपला की आपोआप तरंगू लागते. समोर कोणी उभे नसावे आणि सोडणाऱ्याच्या डोळ्यांवर चष्मा असावा, एवढी शिस्त पाळावीच लागते. रिमोट बसवण्याचा विचार असेल, तर २०२१ ची ड्रोन नियमावली आधी वाचावी.

वेळ कोणती निवडावी?

पावसाळ्याचे चार महिने सोडून द्यावेत; दमट हवेत पातळ पंख पिळवटतात. दिवाळीनंतर खाचरे मोकळी असतात, सकाळी वाराही पडलेला असतो. पण नेमकी तेव्हाच अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांच्या कामासाठी भिवंडी-वसईकडे निघतात आणि पोरेही बरोबर जातात. आश्रमशाळेतली निवासी मुले राहतात, गावच्या शाळेतला वर्ग अर्धा होतो. त्यामुळे संच जानेवारीच्या विज्ञान प्रदर्शनासाठी राखून ठेवू नयेत. कापणे-चिकटवणे पावसात वर्गात उरकावे, पंख वजनाखाली सपाट दाबून ठेवावेत आणि पहिले उड्डाण कापणी आटोपताच, निघणाऱ्यांच्या गाड्या भरण्याआधी करावे.