न दिसलेली गाठ

परवा थोरल्या जाऊबाईंना घेऊन मॅमोग्राफीला गेले होते. आम्ही त्यांना अक्का म्हणतो. माहेर धारवाडचं, त्यामुळे घाबरल्या की कानडीत शिरतात. "गड्डे इल्ल, हौदल्ल?" हे त्यांनी मला तीन वेळा विचारलं. आपल्याकडे गड्डा म्हटलं की कोबी आठवतो; त्या खोलीबाहेर मात्र तो शब्द ऐकवेना.

रिपोर्ट चांगला आला. तरी माझ्या मनातून मावशी जाईना. तिचाही रिपोर्ट चांगलाच होता आणि काही महिन्यांनी गाठ तिच्याच हाताला लागली. स्तनातला ग्रंथींचा दाट भाग एक्स-रेत पांढरा दिसतो आणि गाठही पांढरीच, हे आम्हाला तेव्हा कळलं. पांढऱ्या भातात खोबऱ्याचा तुकडा शोधायचा, तसंच ते.

मग नवं मशीन जुन्यापेक्षा बरं, हे ठरवायचं कसं? तपासणीला आलेल्या हजार बायकांत कॅन्सर निघतो मोजक्याच जणींत. म्हणजे हजारो बायका हव्यात, प्रत्येकीला दोन्ही मशिनांचं रेडिएशन, शिवाय वर्षं जाणार ती वेगळीच.

अमेरिकेत औषधं आणि वैद्यकीय उपकरणं तपासणारं एफडीए हे सरकारी खातं आहे. तिथल्या संशोधकांनी २०१८ मध्ये एक वेगळीच चाचणी प्रसिद्ध केली. २,९८६ रुग्ण, आणि सगळ्या कॉम्प्युटरमधल्या! त्वचा, चरबी, ग्रंथी, दूधनलिका, रक्तवाहिन्या, सगळं गणितानं घडवलेलं. क्ष-किरणही गणितातलेच. प्लेटमध्ये स्तन दाबावा लागतो तो तिथंही दाबला, पण दुखलं कुणालाच नाही.

मग काहींमध्ये गाठी ठेवल्या. खरी मेहनत इथे आहे. गाठ गोल गरगरीत केली तर कुठलंही मशीन पास होईल. कॅन्सरची गाठ बहुधा ओबडधोबड, कडेनं काट्यांसारखे तंतू फुटलेली. तशीच ती घडवावी लागते. कॅल्शियमच्या बारीक कणांचे पुंजकेही ठेवले होते. फोटो वाचणारेसुद्धा कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम. वेगवेगळ्या कोनांतून फोटो घेऊन स्तनाचे पातळ थर दाखवणारी टोमोसिंथेसिस ही पद्धत साध्या डिजिटल मॅमोग्राफीपेक्षा सरस ठरली. खऱ्या स्त्रिया आणि खरे डॉक्टर घेऊन आधी झालेल्या चाचणीचा कौलही तोच होता.

मला यातली एकच गोष्ट फार लागली. गाठ आपणच ठेवलेली, म्हणून ती कुठे आहे हे पक्कं माहीत असतं. मशीनला दिसली नाही, तर 'चुकली' म्हणून मोजली जाते. माझ्या मावशीची गाठ हाताला लागेपर्यंत 'नॉर्मल'च्या खात्यात जमा होती.

अर्थात खोटी गाठ खरीसारखी किती, यावर सगळं अवलंबून. आपल्याकडे हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी वयात गाठतो आणि तरुण वयात स्तन अधिक दाट असतात. त्या कॉम्प्युटरमध्ये आमच्यासारख्याही बायका हव्यात, असं मला वाटतं.

हे सगळं मी अक्कांना रिक्षात सांगत होते. रिपोर्ट नॉर्मल असला तरी काही वेगळं हाताला लागलं तर गप्प बसू नका, हेही बजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, घरी येऊन रिपोर्ट देव्हाऱ्याशेजारी ठेवला आणि म्हणाल्या, "मुंदिन वर्ष मत्त होगूण. पण त्या थरांच्या मशिनाचे किती घेतात, ते विचारून ठेव."