व्हिडिओ सर्वांना खुला, प्रयोगशाळेला मात्र कुलूप

"सगळे काही ऑनलाइन फुकट उपलब्ध आहे. तरीही कोणी शिकत नसेल तर दोष कोणाचा?" हा प्रश्न आजकाल फार विचारला जातो. विचारणाऱ्यांच्या घरात बहुधा तीन पिढ्यांचे पदवीधर असतात आणि मुलांना अभ्यासाला स्वतंत्र खोली असते. या प्रश्नाला भावनेने नव्हे, एका नेमक्या विषयाचे उदाहरण घेऊन उत्तर द्यायला हवे. तो विषय म्हणजे पदवीच्या पहिल्या वर्षाचे जीवशास्त्र.

आधी वस्तुस्थिती. केंद्र सरकारने 2017 मध्ये 'स्वयम्' हे व्यासपीठ सुरू केले. व्हिडिओ व्याख्याने, वाचनसाहित्य, चर्चामंच आणि स्वयंचाचणी अशी त्यावरील अभ्यासक्रमांची चौपदरी रचना आहे. शिकणे मोफत, प्रमाणपत्रासाठीच्या परीक्षेला मात्र शुल्क. एका सत्रातील किती विषय 'स्वयम्'वरून पूर्ण करता येतील, याची मर्यादा विद्यापीठ अनुदान आयोगाने 2016 च्या नियमावलीत 20 टक्के ठेवली होती. 2021 मध्ये ती 40 टक्के झाली. म्हणजे पेशी, आनुवंशिकता, उत्क्रांती यांची पहिली ओळख महाविद्यालयाऐवजी मोबाइलच्या पडद्यावर होणे आता नियमात बसते.

मी ऑनलाइन शिक्षणाच्या विरोधात नाही, हे स्पष्ट सांगते. आपल्या चळवळीने तसे असूही नये. बाबासाहेबांनी 1946 मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, तेव्हा दिवसा नोकरी करणाऱ्या तरुणांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. विद्यार्थ्याने कॉलेजच्या घड्याळाप्रमाणे जगावे, असा हट्ट त्यांनी धरला नाही. कॉलेजचेच घड्याळ कामगाराच्या दिवसाला जुळवून घेतले. रात्री अकरा वाजता भांडी घासून झाल्यावर व्याख्यान ऐकता येत असेल, न समजलेला भाग पाच वेळा मागे नेऊन पाहता येत असेल आणि पाचव्यांदा विचारले म्हणून तुच्छतेने बघणारा कोणी समोर नसेल, तर तो व्हिडिओ आपल्या मुलींसाठी मोठी सोय आहे. आमच्या वस्तीतली एक मुलगी दिवसभर खासगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काचसामान धुते आणि रात्री असा अभ्यासक्रम करते. तिच्यासाठी हा दरवाजा खराच आहे.

पण दरवाजाच्या आत काय आहे?

जीवशास्त्र ऐकून अर्धेच कळते. उरलेले अर्धे हाताने कळते. कांद्याच्या मुळाचे टोक कापायचे, सौम्य आम्लात ठेवायचे, रंग द्यायचा, काचपट्टीवर दाबून पसरायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशीविभाजनाच्या अवस्था शोधायच्या. पहिल्या चार पट्ट्या बिघडतात, पाचवीत गुणसूत्रे दिसतात. व्हिडिओत मात्र पहिलीच पट्टी सुंदर निघते, कारण ती दुसऱ्याने केलेली असते. बिघडलेली पट्टी का बिघडली, याचा विचार करणे म्हणजेच विज्ञान शिकणे. ते ज्याला मिळाले नाही त्याच्याकडे फक्त उत्तरांची यादी उरते, आणि चार पर्यायांतून एक निवडायची सवय.

आपल्यासाठी हा मुद्दा अध्यापनशास्त्रापुरता नाही. जातिव्यवस्थेने ज्ञान आणि स्पर्श यांची फारकत केली. ज्यांनी पिढ्यान् पिढ्या मेलेली जनावरे ओढली, सोलली, त्यांना स्नायू कुठे जोडलेला असतो आणि आतडे किती लांब असते हे हाताने माहीत होते. त्याला ज्ञान म्हटले गेले नाही, विटाळ म्हटले गेले. ज्यांच्याकडे ग्रंथ होते त्यांनी प्रेताला हात लावला नाही. 1836 मध्ये कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात मधुसूदन गुप्त यांनी शवविच्छेदन केले, तेव्हा एका सवर्ण वैद्याने प्रेताला सुरी लावणे हीच केवढी मोठी घटना ठरली. ज्यांच्या वाट्याला नुसता स्पर्श आला त्यांना पुस्तक नाकारले, हा आपला इतिहास आहे. आता पुस्तक देतो, व्हिडिओ देतो, पण सूक्ष्मदर्शकाला हात लावायचा नाही, अशी व्यवस्था होत असेल तर ती फारकत उलट्या बाजूने पुन्हा होते आहे. काचसामान धुवायला हात चालतात, प्रयोग करायला चालत नाहीत.

आणि हा विषय आपण का सोडू नये? पहिल्या वर्षाचा अगदी साधा प्रयोग घ्या. गालाच्या आतल्या बाजूवरून टूथपिक फिरवायची, काचपट्टीवर पसरायची, मिथिलिन ब्लूचा थेंब टाकायचा. सपाट पेशी आणि मधोमध गडद निळे केंद्रक दिसते. वर्गातल्या कोणाचीही पट्टी कोणाच्याही पट्टीशी बदला, कोणती कोणत्या आडनावाची हे सांगता येणार नाही. रक्तगट तपासा. सख्ख्या भावंडांचे गट वेगळे निघू शकतात आणि गावाच्या दोन टोकांना राहणाऱ्या दोघांचा एकच निघू शकतो. जात वंशावर उभी नाही, हे बाबासाहेबांनी 1936 मध्ये 'जातिसंस्थेचे निर्मूलन' या प्रबंधात मांडले. 1948 च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात त्यांनी शरीरमापनाची आकडेवारी तपासून ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे असल्याचा दावा खोडून काढला. रक्ताच्या शुद्धतेच्या गप्पा मारणाऱ्यांना उत्तर द्यायचे तर जीवशास्त्र आपल्या हाती असले पाहिजे. हाती म्हणजे शब्दशः हातात.

आता कायदा पाहा. महाविद्यालये सांगतात, "तुम्ही विषय ऑनलाइन घेतला ना, मग प्रॅक्टिकल आमच्याकडे कसे?" आमच्या परिचयातल्या एका विद्यार्थिनीला हेच उत्तर मिळाले. पण 'स्वयम्'बाबतची आयोगाची नियमावली वेगळेच सांगते. विद्यार्थ्याला मार्गदर्शनासाठी समन्वयक नेमणे, प्रात्यक्षिकांची सोय करणे आणि प्रयोगशाळा, संगणक, ग्रंथालय या आवश्यक सुविधा मोफत व पुरेशा प्रमाणात देणे ही मूळ महाविद्यालयाची जबाबदारी आहे. शिवाय ज्या अभ्यासक्रमांत प्रात्यक्षिक अनिवार्य आहे ते पूर्णपणे ऑनलाइन चालवायला आयोगाने परवानगी दिलेली नाही. म्हणजे प्रयोगशाळेला पर्याय नाही, हे सरकारलाही ठाऊक आहे.

कागदावर हक्क आणि प्रत्यक्षात कुलूप, हा प्रकार आपल्याला नवा नाही. सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव मुंबई कायदेमंडळाने 1923 मध्ये मंजूर केला. महाड नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. तरी ओंजळ भरायला 20 मार्च 1927 उजाडावा लागला आणि न्यायालयातला शेवटचा निकाल 1937 मध्ये आला. तळे खुले आहे असे म्हणणे आणि पाणी पिणे यांत तेवढे अंतर होते. "अभ्यासक्रम सर्वांना खुला आहे" हे वाक्य मी त्याच सावधपणे ऐकते.

खुलेपणाची आकडेवारीही बघून घ्या. 2017-18 च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणानुसार ग्रामीण भागात सुमारे 15 टक्के कुटुंबांकडे इंटरनेटची सोय होती आणि संगणक जेमतेम 4 टक्के कुटुंबांकडे. त्यानंतर मोबाइल पसरले, हे खरे. पण 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात कधी तरी इंटरनेट वापरलेले पुरुष 57 टक्के होते आणि स्त्रिया 33 टक्के. घरात फोन असणे म्हणजे मुलीच्या हातात फोन असणे नव्हे. त्यात भाषा. दहावीपर्यंत पेशी, ऊती, गुणसूत्र, तंतुकणिका असे शिकलेली मुलगी एकदम धावत्या इंग्रजी व्याख्यानासमोर बसते. तिला विषय अवघड जात नाही, भाषा अवघड जाते. नापास मात्र विषयात होते.

काही आक्षेप येतील. पहिला, "व्हर्च्युअल लॅब आहेत की." आहेत, आणि सरावाला उपयोगीही आहेत. पण माऊस हलवून सूक्ष्मदर्शकाचा फोकस जमत नाही. दुसरा, "आता विच्छेदनही बंद झाले, लॅब कशाला हवी?" प्राण्यांचे विच्छेदन आयोगाने 2011 नंतर टप्प्याटप्प्याने बंद करत आणले, ते योग्यच झाले. करुणा हा आपला धम्म आहे. पण कांद्याचे मूळ, गालाची पेशी, पानातला स्टार्च यांसाठी कोणाचा जीव घ्यावा लागत नाही. तिसरा, "परदेशातही आता सगळे ऑनलाइनच आहे." अमेरिकेतील एमआयटीने आपला प्रास्ताविक जीवशास्त्राचा अभ्यासक्रम 2013 मध्ये एडेक्सवर जगाला खुला केला. पण त्याच एमआयटीत पदवी घेणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला जीवशास्त्र आणि प्रयोगशाळेतील काम या दोन्ही अटी पूर्ण कराव्या लागतात. त्यांनी व्हिडिओ वाटले म्हणून आपल्या प्रयोगशाळा बंद केल्या नाहीत. प्राध्यापकाची आणि प्रयोगशाळा सहायकाची जागा रिकामी ठेवून "स्वयम्वर बघा" असे सांगणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. जागा भरली नाही की त्या जागेवरचे आरक्षणही आपोआप मरते, हा हिशेब आपल्याला कळतो.

म्हणून मागण्या साध्या आहेत. व्याख्यान ऑनलाइन, प्रात्यक्षिक जवळच्या महाविद्यालयात. त्यासाठी रविवारी आणि संध्याकाळी प्रयोगशाळा उघडी ठेवा, काम करणाऱ्या विद्यार्थ्यांचा तोच वेळ असतो. प्रास्ताविक अभ्यासक्रम मराठीत द्या, इंग्रजी संज्ञा सोबत ठेवून. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांचे परीक्षाशुल्क शासनाने भरावे. रिक्त जागा भराव्यात.

आणि आपण काय करायचे? ज्यांनी असा विषय घेतला आहे त्यांनी प्राचार्यांना लेखी अर्ज द्यावा. नियमावलीचा उल्लेख करून समन्वयकाचे नाव आणि प्रात्यक्षिकाचे वेळापत्रक मागावे आणि अर्जाची पोच घ्यावी. उत्तर आले नाही तर माहितीचा अधिकार आहे, विद्यापीठ आहे, संघटना आहे. जयंतीच्या वर्गणीतून एक साधा सूक्ष्मदर्शक विहाराच्या अभ्यासिकेत आणता येतो, तोही आणू या. मात्र त्यामुळे महाविद्यालयाची जबाबदारी संपत नाही. विहारातला सूक्ष्मदर्शक आपल्या हौसेचा, प्रयोगशाळेतला आपल्या हक्काचा.

जय भीम!