खेळ पोरांचा, मालकी कोणाची?

शहापूर-मुरबाड पट्ट्यातील कार्यकर्त्यांच्या बैठकीत पाणी, वनहक्क आणि भूसंपादन हे विषय आटोपून चहा आला, की एक अभिप्राय हमखास ऐकू येतो : पोरे बिघडली, रात्रंदिवस पबजी आणि फ्री फायर. त्यावर एखादा तरुण उत्तर देतो, खेळच तर आहे, खेळू द्या. चहा संपतो आणि दोन्ही मतेही संपतात. सापगावात असो वा ठाण्यात, ही मते इतक्या सहज फेकली जातात की ती तपासण्याची गरज कोणास वाटत नाही. पहिले मत खेळाच्या रूपावर नाक मुरडते, दुसरे त्याच रूपावर भाळते. खेळ कोणाच्या मालकीचा आहे, हा समाजवाद्याने सर्वांआधी विचारावयाचा प्रश्न दोघांच्याही मनात येत नाही.

नाक मुरडणाऱ्यांना त्यांच्याच परंपरेचे स्मरण करून देणे भाग आहे. १९४१ साली राष्ट्र सेवा दल स्थापन झाले आणि पुढे त्याचे कलापथक गावोगाव फिरू लागले, तेव्हा पांढरपेशा समाजाला तमाशाचे वावडे होते. कलापथकाने तेच रूप उचलले आणि त्यातून आपला विचार लोकांपर्यंत नेला. निळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके हे कलावंत त्याच मुशीतून निघाले. जनतेच्या करमणुकीला हलकी ठरवून दूर सारणे हा या चळवळीचा वारसा नव्हे. पबजीत चौघांचा संघ असतो, नकाशा वाचावा लागतो, क्षणात निर्णय घ्यावा लागतो, साथीदाराशी बोलत राहावे लागते. सापगावचा मुलगा नागपूरच्या अनोळखी मुलाच्या खांद्याला खांदा लावून लढतो, यात अधःपात कोणता? त्याच्या मोबाईलवर रोहित शर्माचे चित्र असल्याचे दुःख ज्यांना होते, त्यांच्या भिंतीवर तरुणपणी कोणाची छायाचित्रे होती, हे त्यांनी आठवून पाहावे.

म्हणून खेळ निर्दोष ठरतो असे मात्र नाही. त्याचा हिशेब मांडला पाहिजे. हे खेळ फुकट मिळतात. पण बंदुकीचा नवा रंग, नवा पोशाख यांसाठी आत एक वेगळे चलन चालते आणि ते रुपये मोजून घ्यावे लागते. त्यातही पुष्कळदा हवी ती वस्तू थेट मिळतच नाही. बंद पेटी विकत घ्यावयाची आणि आत काय निघते ते पाहावयाचे. पेटीत काय किती वेळा निघावे हे विक्रेताच ठरवतो. ज्या बाजारात मालाची किंमत खरेदीनंतर कळते आणि गिऱ्हाईक बारा वर्षांचे असते, त्याला अर्थशास्त्राच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात मुक्त बाजार म्हणत नाहीत. बेल्जियमच्या जुगार आयोगाने २०१८ सालीच अशा पेट्यांना जुगार ठरवले. शिवाय ज्याच्याकडे रुपया नाही तो मुलगाही मालकाच्या उपयोगाचा असतोच. पैसे देणाऱ्याला हरवायला किंवा मिरवून दाखवायला कोणी तरी समोर लागते, आणि ती गर्दी तो फुकट पुरवतो.

शहापूर तालुक्याला हा व्यवहार अपरिचित नाही. तानसा १८९२ पासून मुंबईची तहान भागवते. वैतरणा आणि भातसा पुढे तिला जोडल्या गेल्या. धरणे याच तालुक्यात, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारे पाडेही याच तालुक्यात. पाणी जलवाहिनीने जाते, मुलांची संध्याकाळ तारेवाचून जाते, एवढाच फरक. पाण्यासाठी निदान मोर्चे निघतात.

सरकारने काय केले? २ सप्टेंबर २०२० रोजी पबजीवर बंदी आली, ती राष्ट्रीय सुरक्षेच्या नावाने. जुलै २०२१ मध्ये कोरियन मालक कंपनी क्राफ्टनने तोच खेळ नव्या नावाने आणला. जुलै २०२२ मध्ये तोही हटवला गेला आणि मे २०२३ मध्ये परत आला. या साऱ्या ये-जा करण्यात मुलाच्या खिशाचा प्रश्न कोठे होता?

पैसे लावण्याच्या खेळांची कथा याहून उघड आहे. क्रिकेटवेड्या माणसाचे खेळाविषयीचे ज्ञान आणि प्रेम हाच कच्चा माल मानून काल्पनिक संघांचा धंदा उभा राहिला. तो कौशल्याचा खेळ असल्याचे निवाडे झाले आणि २०२३ मध्ये असाच एक धंदा, ड्रीम इलेव्हन, भारतीय संघाच्या छातीवर झळकू लागला. १ ऑक्टोबर २०२३ पासून सरकारने या खेळांत भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के कर लावून स्वतःचा वाटाही काढून घेतला. मग ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. तेव्हा सरकारचाच अंदाज असा होता, की सुमारे ४५ कोटी लोक या खेळांत दरवर्षी जवळजवळ २० हजार कोटी रुपये गमावतात. बंदी योग्यच. परंतु इतका पैसा जाईपर्यंत कर वसूल करणारे खाते काय मोजत होते? आणि हा कायदा धनलाभाच्या आशेने लावलेल्या पैशापुरताच बोलतो. बंदुकीच्या रंगासाठी बंद पेटी घेणाऱ्या मुलाविषयी त्यात स्पष्ट शब्द नाही.

महाराष्ट्राने यात आपली भर घातली. जुलै २०२५ मध्ये तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे विधान परिषदेत मोबाईलवर रमी खेळत असल्याचा आरोप एका चित्रफितीवरून झाला. आपण नको असलेला खेळ बंद करीत होतो, असा त्यांचा खुलासा होता. महिनाअखेर त्यांचे कृषी खाते गेले आणि बदल्यात क्रीडा खाते मिळाले! यावर विनोद पुष्कळ झाले. गावातील क्रीडांगणांचे काय, हा प्रश्न त्या विनोदांत बुडाला.

समाजवादी पक्षसंघटनांनी मागावयाचे ते असे : अज्ञान मुलांना बंद पेट्या विकण्यास मनाई, आतील चलनाची किंमत रुपयांत दाखवण्याची सक्ती, आणि पालकाच्या संमतीवाचून झालेल्या खरेदीची परतफेड. पण मागण्यांचा कागद पुरेसा नाही. भातकापणी झाली की ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात मोकळ्या खाचरांत टेनिस चेंडूचे सामने सुरू होतात, आणि मोबाईलवाली तीच मुले तेथे पहाटेपासून हजर असतात. चषक कोणी तरी ठेवतो, भोजन कोणी तरी देतो, फलकावर कोणाचे तरी छायाचित्र लागते. बहुधा तो जमिनीचा दलाल असतो, किंवा निवडणुकीच्या तयारीला लागलेला पुढारी. सेवा दलाची शाखा ज्या वेळी भरत असे, त्याच वेळी हा सामना भरतो. आणि पोरे बिघडल्याची तक्रार करणारा कार्यकर्ता त्या खाचराच्या बांधावर दिसत नाही.