खेळण्यांतील आगगाडी व भिंतींतील वीज

गेल्या दिवाळींत आमचा पुतण्या अमेरिकेहून आला, तेव्हां त्यानें मुलांसाठीं विजेवर धांवणारी लहान आगगाडी आणिली. रूळ मांडून झाले. तो वीज पुरविणाऱ्या पेटीचा प्लग भिंतींत बसविणार, तोंच आम्हीं त्याचा हात धरिला. "काका, बारा व्होल्टांनीं काय होणार?" तो हंसून म्हणाला. पेटीवर '१२० व्होल्ट' असें छापलें होतें. आपल्याकडील वीज २३० व्होल्टांची. त्याच्याजवळच्या जोडानें प्लगाचा आकार बदलत होता, दाब नव्हे. पेटी जळाली असती.

ह्या खेळण्याचें मर्म इंजिनापेक्षां पेटींत अधिक आहे. तिच्यांतील ट्रान्स्फॉर्मरांत तारेचीं दोन वेटोळीं असतात. तीं एकमेकांस जोडलेलीं नसतात; मधल्या चुंबकत्वाच्या द्वारेंच शक्ति पलीकडे जाते. म्हणून घरची मारक वीज अलीकडेच राहते व रुळांवर सुमारें १२ व्होल्टच येतात. इंग्लंडांत १९२५ सालीं निघालेल्या हॉर्नबीच्या पहिल्या विजेच्या गाडीस हा आडोसा नव्हता. घरचीच वीज मध्यें एक दिवा घालून रुळांस देत. दिव्यानें प्रवाह आवरे खरा. पण इंजिन उचललें कीं रुळांवर पूर्ण दाब उभा!

दाब वाढविला कीं वेग वाढतो. एकदिश प्रवाहाच्या गाडींत धन-ऋण टोकें उलटविलीं कीं गाडी मागें फिरते. चाक घसरून दोन्ही रूळ धातूनें जोडले गेले, तर प्रवाह एकदम वाढतो व तारा तापतात. अशा वेळीं वीज आपोआप तोडणारी योजना पेटींत हवीच. ती तुटली असतां आधीं घसरलेला डबा शोधावा. खटका पुनःपुन्हां दाबूं नये.

आणखी एक गोष्ट थोड्यांसच ठाऊक असते. प्रत्यावर्ती प्रवाहाच्या जुन्या गाड्यांत दोन पेट्या एकाच रुळास जोडल्या आणि एकीचा प्लग उपसला, तर दुसरीची वीज रुळांतून तिच्यांत उलटी शिरते. तेथें दाब पुन्हां वाढतो, व हातांतील प्लगाच्या उघड्या पिनांवर घरच्या विजेइतका दाब येतो. प्लग काढला म्हणजे निर्धास्त, ही समजूत येथें घात करिते. म्हणून प्रत्येक पेटीचे रूळ निराळे ठेवून मध्यें विद्युद्रोधक सांधा घालावा.

आम्हीं येथल्या विजेस जुळणारी पेटी आणविली, आणि तिसऱ्या दिवशीं गाडी माजघरांत धांवली. समई लहान म्हणून आपण पदर सांवरण्याचें सोडीत नाहीं. तद्वत् रुळांवरची वीज लहान म्हणून तिच्या पाठीमागची मोठी वीज विसरूं नये.