मॅनहोलचे ‘मशीन-होल’ झाले, माणूस मात्र आतच

१ फेब्रुवारी २०२३ रोजी केंद्रीय अर्थमंत्र्यांनी अर्थसंकल्पाच्या भाषणात सांगितले की देशातील सर्व शहरांत गटारे आणि सेप्टिक टँक शंभर टक्के यंत्राने साफ करण्याची व्यवस्था केली जाईल आणि ‘मॅनहोल’चे ‘मशीन-होल’ होईल. त्यासाठी २०२३-२४ पासून ‘नमस्ते’ ही योजना आली. त्याआधी २०२० मध्ये २४३ शहरांसाठी ‘सफाईमित्र सुरक्षा चॅलेंज’ जाहीर झाले होते. घोषणांची कमतरता कधीच नव्हती.

आता त्याच काळातील मृत्यू पाहू. २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांत गटारे आणि टाक्या साफ करताना देशात १५० माणसे मेली. सामाजिक न्याय मंत्रालयाने करून घेतलेल्या सामाजिक लेखापरीक्षणात यातील ५४ मृत्यू तपासले गेले आणि त्याची माहिती जुलै २०२५ मध्ये संसदेत आली. ५४ पैकी ४९ जणांच्या अंगावर कोणतेही सुरक्षा साधन नव्हते. पाच जणांकडे फक्त हातमोजे होते, आणि त्यांतल्या एकाकडे त्यासोबत गमबूट. ४७ ठिकाणी यंत्र किंवा सुरक्षा साहित्य पुरवलेलेच नव्हते. सरकारी पगारावर असलेले फक्त पाच जण होते. ३८ जणांना कोणीतरी व्यक्तिशः बोलावून काम दिले होते.

हा आकडा गरिबीचा आहे तितकाच जातीचाही आहे. ‘नमस्ते’ योजनेत ज्या सुमारे ३८ हजार कामगारांची नोंद सुरुवातीला झाली, त्यांत अनुसूचित जातींचे प्रमाण जवळपास ६९ टक्के होते. खुल्या प्रवर्गातले आठ टक्के होते.

यंत्र आहे, मग माणूस का उतरतो?

गटार साफ करणारे यंत्र हा काही अजून लागायचा शोध नाही. पाण्याच्या जोरदार माऱ्याने तुंबलेली लाइन मोकळी करणारे जेटिंग मशीन आणि गाळ ओढणारे सक्शन मशीन अनेक महापालिकांकडे आहे. केरळमधल्या तरुण अभियंत्यांनी २०१८ मध्ये ‘बँडिकूट’ हा गटारात उतरणारा रोबो तयार करून तिरुवनंतपुरममध्ये चालवून दाखवला. मग अडते कुठे?

अडचण सांगितली जाते ती अरुंद गल्ल्यांची, जुन्या लाइनींची, गाळात अडकलेल्या चिंध्या आणि डबराची. ती खरीही आहे. पण हैदराबादच्या जलमंडळाने २०१७ मध्येच गल्लीबोळात जाणारी ७० छोटी जेटिंग वाहने रस्त्यावर आणली. म्हणजे अरुंद गल्लीवर उत्तर निघते, काढायचे ठरवले तर.

खरे कारण हिशोबाचे आहे. यंत्राला पैसे लागतात, चालक लागतो, देखभाल लागते. माणूस नाक्यावर स्वस्तात मिळतो. तो मेला तर ठेकेदार हात वर करतो, सोसायटी ‘आम्ही ठेकेदाराला सांगितले होते’ म्हणते आणि महापालिका ‘ती जागा खासगी होती’ म्हणून मोकळी होते. ज्या कामगाराच्या मरणाची किंमत कोणालाच मोजावी लागत नाही, त्याच्या जागी यंत्र आणण्याची घाई कोणाला असणार?

आणि मरण कसे येते, तेही आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत असले पाहिजे. बंद टाकीत हायड्रोजन सल्फाइड साचतो. थोडा असेल तर कुजलेल्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच मरते. कामगाराला वाटते, वास गेला, आता उतरायला हरकत नाही. तो खाली कोसळतो, त्याला वाचवायला दुसरा उतरतो, मग तिसरा. एकाच टाकीत दोन-तीन मृतदेह सापडतात ते यामुळे. ‘काडी पेटवून बघ’ किंवा ‘वास घेऊन बघ’ ही तपासणी नव्हे. गॅस मोजणारे उपकरण हातात मावते. तेही दिले जात नाही.

घड्याळ मात्र वेळेवर पोहोचले

यंत्रे सफाई कामगारापर्यंत पोहोचतच नाहीत असे मात्र नाही. नागपूर, चंदीगड, पंचकुला अशा शहरांत सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस घड्याळे बांधली गेली. कोण कुठे आहे, किती वेळ थांबला, हद्द सोडून गेला का, हे कार्यालयातल्या पडद्यावर दिसू लागले. कामगारांनी याला विरोध केला. घड्याळ बंद पडले तरी पगार कापला जाईल ही भीती होती. महिला कामगारांसाठी तर प्रसाधनगृहात जाणेसुद्धा नजरेखाली आले. आता हजेरी चौकीवर चेहरा ओळखणारी हजेरीही येते आहे.

कामचुकारपणाला आळा आणि हजेरीतला भ्रष्टाचार बंद, असे समर्थन दिले जाते. खोट्या हजेरीचा प्रश्न आहे, तो नाकारायचे कारण नाही. पण खोटी हजेरी लावून पैसे खाणारा साखळीत वर बसलेला असतो आणि घड्याळ बांधले जाते झाडू मारणाऱ्याच्या हातावर. मुकादमाने किती लोकांना विनायंत्र टाकीत उतरवले, ठेकेदाराने किती हातमोजे वाटले, याची नोंद ठेवणारे घड्याळ कुठल्याही शहराने काढलेले नाही. खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये एकमताने सांगितले. तो अधिकार झाडूवाल्यालाही आहे.

लक्ष ठेवणारे तंत्रज्ञान लगेच येते, जीव वाचवणारे रखडते. हा योगायोग नाही. तंत्रज्ञान कुठे जायचे हे यंत्र ठरवत नाही, ते ज्याच्या ताब्यात आहे तो ठरवतो.

बाबासाहेबांनी हे आधी पाहिले होते

मुंबईच्या कापड गिरण्या हे त्या काळातले सर्वांत आधुनिक तंत्रज्ञान होते. यंत्र सर्वांना सारखे, असे वाटले असेल. प्रत्यक्षात जास्त मजुरीच्या विणाई खात्यात अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागे आणि अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगार हातात घेत नसे. वाफेवर चालणाऱ्या गिरणीत विटाळ शाबूत होता. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठामपणे मांडला.

तरीही बाबासाहेब यंत्राच्या विरोधात गेले नाहीत. काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले, या १९४५ च्या ग्रंथात त्यांनी यंत्रविरोधाचा समाचार घेतला. यंत्रामुळे माणसाची जनावरासारख्या राबण्यातून सुटका होते, त्याला फुरसत मिळते आणि फुरसतीशिवाय संस्कृती नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. दोष यंत्राचा नसून यंत्राचा लाभ मोजक्यांच्या हाती ठेवणाऱ्या समाजरचनेचा आहे. भंगीकामाला सेवा म्हणून गौरवणाऱ्यांवरही त्यांनी तिथेच कोरडे ओढले. आज ‘सफाईमित्र’, ‘स्वच्छतादूत’ असे शब्द ऐकताना आपण हे आठवले पाहिजे. नाव गोड झाले म्हणून टाकीतला वायू कमी विषारी होत नाही.

कायदा आपल्या बाजूने आहे, तो वापरायला हवा

२०१३ च्या कायद्याच्या कलम ७ नुसार कोणालाही धोकादायक सफाईसाठी उतरवणे हा गुन्हा आहे. तो दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कलम ३३ फारसे कोणी वाचत नाही. त्यानुसार गटार आणि टाकीसाठी योग्य तंत्रज्ञान वापरणे हे स्थानिक संस्थेचे कर्तव्य आहे. म्हणजे यंत्र मागणे ही विनंती नव्हे.

भरपाईची रक्कम सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दहा लाख ठरवली आणि २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने ती तीस लाख केली. जानेवारी २०२५ मध्ये मुंबईसह सहा महानगरांत हाताने गटारसफाई बंद करण्याचा आदेश दिला. गोवंडीतील एका खासगी सोसायटीच्या टाकीत २०१९ मध्ये तीन कामगार मेले, तेव्हा त्यांच्या पत्नी मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. जागा खासगी असली तरी भरपाईची जबाबदारी शासनाला टाळता येणार नाही, हे २०२१ मध्ये तिथे स्पष्ट झाले. त्या तिघींनी जे मिळवले ते पुढच्या प्रत्येक कुटुंबाच्या कामी येणारे आहे.

आपण काय करायचे?

पहिले, आपल्या शहराचा हिशोब मागायचा. महापालिका किंवा नगरपालिकेकडे किती जेटिंग आणि सक्शन मशीन आहेत, त्यांतली किती चालू आहेत, गॅस मोजणारी उपकरणे किती, ‘नमस्ते’त किती कामगारांची नोंद झाली, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते. एका तालुक्यात दोन तरुणांनी हे काम घेतले तरी पुरे.

दुसरे, मृत्यू झाला की पहिल्या दिवसापासून कागद तयार करायचा. गुन्हा केवळ निष्काळजीपणाचा नको. २०१३ चा कायदा आणि लागू असेल तिथे ॲट्रॉसिटी कायदा लावायला सांगायचे. आपल्या हातातला मोबाइल इथे कामाला येतो. फोटो, वेळ, ठेकेदाराचे नाव, कोणी बोलावले त्याची नोंद. रील बनवून दोन दिवस हळहळ व्यक्त करण्यापेक्षा ही नोंद कोर्टात टिकते.

तिसरे, यंत्र आले की ते कोणाच्या नावावर, हे विचारायचे. २०१९ मध्ये दिल्लीत दोनशे सफाईयंत्रे कामगार कुटुंबांतील आणि अनुसूचित जातींतील लोकांना मालक म्हणून मिळाली. अन्यथा यंत्राची मालकी ठेकेदाराकडे, चालकाची नोकरी दुसऱ्याकडे आणि पाइप धरायला पुन्हा आपलाच माणूस, असे होईल. परवाना आणि प्रशिक्षण याच कामगारांच्या मुलांना आधी मिळाले पाहिजे, आणि ज्यांना हे काम पूर्ण सोडायचे आहे त्यांना सोडता आले पाहिजे.

चौथे, आपल्या घरापासून सुरुवात. आपल्यातले अनेक जण आता फ्लॅटमध्ये राहतात, सोसायटीच्या कमिटीवर आहेत. टाकी तुंबली की सेक्रेटरी कोणाला फोन करतो? ‘आमच्या आवारात माणूस उतरणार नाही’ हा ठराव पुढच्या सर्वसाधारण सभेत मांडा. धोकादायक सफाई होताना दिसली तर १४४२० या हेल्पलाइनवर तक्रार करा आणि काम थांबवा.

कृत्रिम बुद्धिमत्तेने कोणाच्या नोकऱ्या जाणार यावर आज रोज चर्चा होते. आपल्या मुलांनी त्या चर्चेत जरूर असावे, ते शिकावे. पण जो देश रोबो बनवतो आणि तरी माणूस गटारात उतरवतो, त्या देशात पुढचे तंत्रज्ञान आपल्या वाट्याला काय आणेल याचे उत्तर आजच्या मॅनहोलपाशी मिळते. ते झाकण उघडले जाताना आपण तिथे उभे आहोत का, एवढेच आपल्या हातात आहे आणि तेवढे आपण करू शकतो.